आनंदीबाईंच्या शिळेभोवतीचे गवत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आनंदीबाई जोशी यांच्यावर आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख वाचला. त्यात शेवटी एक ओळ होती, की न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावी जिथे त्यांच्या अस्थी आहेत, ती जागा आजही सुस्थितीत आहे. लेखकाने हे एका ओळीत उरकले. मी उभा जन्म नगरपालिकेच्या बागा राखण्यात घालवला आणि उद्यान अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. सव्वाशे वर्षांहून जुनी जागा सुस्थितीत आहे असे वाचले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो माणसांचा आणि पैशांचा. तिथले गवत कोण कापते, आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघतो? या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते आणि ते आपल्याकडच्या प्रत्येक 'स्मृतिवना'ला, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने लावलेल्या झाडांच्या जागेला, लागू पडते, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

मी कल्याणचा. आनंदीबाईंचे माहेरही कल्याणचे, तेव्हा लहानपणापासून त्यांचे नाव घरातल्या माणसासारखे ऐकत आलो. त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. आनंदीबाई ज्यांना मावशी मानत त्या याच. कार्पेंटरबाईंनी त्या अस्थी पकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो असता हट्टाने तिथे जाऊन आलो.

शिळा लहान आहे. तिच्यावर आनंदीबाईंचे नाव, एम. डी. ही पदवी, १८६५ आणि १८८७ ही दोन साले, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ आहे. बरोबरच्या मंडळींनी फोटो काढले. मी नमस्कार केला आणि सवयीने खाली बसून शिळेचा पाया पाहिला. दगडाला लागून असलेले चार बोटे गवत हाताने कापलेले होते. गवत कापायचे मशीन घाईने फिरवले की दगडाच्या कडेला ओरखडे पडतात, टवके उडतात. तसे काही दिसले नाही. शिळा ओळंब्यात उभी होती. ही साधी गोष्ट नाही. त्या मुलखात हिवाळ्यात जमीन गोठते आणि फुगते, वसंतात सैल पडते. दर वर्षीच्या या उचल-बशीने पाया उथळ असलेला दगड हळूहळू कलतो आणि एक दिवस आडवा होतो. ज्या अर्थी शिळा सरळ आहे, त्या अर्थी तिच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी पाहत आले आहे. त्या कोणाचे आनंदीबाईंशी काही नाते नाही, कदाचित त्यांचे नावही त्याला नीट उच्चारता येत नसेल.

हे कसे घडते, ते सांगतो. पकिप्सीची ही दफनभूमी १८५०च्या दशकात हडसन नदीकाठी सुरू झाली. ती ज्या प्रकारची आहे, म्हणजे गावाबाहेरची, बागेसारखी राखलेली दफनभूमी, त्या प्रकाराचे मूळ पॅरिसच्या पेर लाशेझमध्ये (१८०४) आणि अमेरिकेपुरते बोलायचे तर बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधील माउंट ऑबर्नमध्ये आहे. त्याआधी गावातल्या चर्चच्या आवारातच पुरण्याची रीत होती. शहरे वाढली, आवारे भरली, एकावर एक पेट्या रचल्या जाऊ लागल्या, दुर्गंधी आणि रोगराईची भीती पसरली. जेकब बिगेलो नावाच्या डॉक्टरांनी १८२५ साली बॉस्टनमध्ये आपल्या घरी चार जाणत्या लोकांना बोलावून गावाबाहेर झाडीत दफनभूमी करण्याचा विचार मांडला. बिगेलो वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्रातलेही मोठे जाणकार. पण विचार तडीला गेला तो १८३१ साली, आणि तो नेला कोणी, तर मॅसॅच्युसेट्सच्या उद्यानविद्या संस्थेने. माझ्यासारख्या माळ्याला याचा फार अभिमान वाटतो. सुमारे ७२ एकरांची टेकड्या आणि दलदलीची रानजमीन ६००० डॉलरला घेतली. संस्थेचे अध्यक्ष हेन्री डिअरबॉर्न यांनी अलेक्झांडर वॉड्सवर्थ या सर्वेक्षकाला हाताशी धरून रस्ते आखले. उतार पाहून, टेकडीला वळसे घालत आखले, झाडी कापून सरळ रेघा ओढल्या नाहीत. गाडीरस्त्यांना झाडांची नावे दिली, पायवाटांना फुलांची आणि झुडपांची. दलदलीचे सखल भाग खणून तळी केली. २४ सप्टेंबर १८३१ रोजी न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी भाषण करून जागेचे उद्‌घाटन केले.

उद्‌घाटनाची भाषणे सगळीकडे चांगलीच होतात. मला त्यांच्या हिशेबाच्या वहीत जास्त रस आहे. कुटुंबासाठी ३०० चौरस फुटांचा प्लॉट सुरुवातीला ६० डॉलरला विकत. उद्यानविद्या संस्थेला तिथेच प्रायोगिक बागही करायची होती: रोपे तयार करायची, परदेशी झाडे लावून पाहायची. चारच वर्षांत लक्षात आले की एका ताटात दोन संसार चालत नाहीत. दफनभूमीचे मालक झालेल्या कुटुंबांना जागेची काळजी होती, संस्थेला बागेची. १८३५ साली दोघे सामोपचाराने वेगळे झाले. प्लॉटधारकांचे स्वतंत्र महामंडळ झाले आणि ठराविक खर्च वजा जाता प्लॉटविक्रीचा चौथा हिस्सा उद्यानविद्या संस्थेला देत राहायचे ठरले. महामंडळाच्या सनदेतच एक कलम घातले गेले: कोणी देणगी वा मृत्युपत्राने रक्कम ठेवली तर महामंडळाने ती विश्वस्त म्हणून सांभाळावी आणि तिच्या उत्पन्नातून जागेची किंवा विशिष्ट थडग्याची दुरुस्ती करावी. मुद्दलाला हात लावायचा नाही. सगळ्याची किल्ली या कलमात आहे.

ती किल्ली लगेच वापरली गेली नाही. पहिली काही दशके लोकांना वाटत होते की प्लॉट ज्याचा, देखभाल त्याची. मग प्रत्येक कुटुंबाने आपापल्या प्लॉटला लोखंडी कठडे घातले. आजही जुन्या चित्रांत ते दिसतात. वेलबुट्टीचे ओतीव काम, छोटे फाटक, फाटकावर घराण्याचे नाव. पुढे कठड्यांऐवजी ग्रॅनाइटच्या कडा बसवण्याची टूम निघाली. मालक हयात होता तोवर रंग लागला. तो गेला, मुले दुसऱ्या प्रांतात गेली, नातवंडांना जागा कुठे हेही ठाऊक नाही. कठडा गंजला. आतले गवत गुडघ्याइतके वाढले. माळी आत कसा शिरणार? फाटक दोन फुटांचे, त्याला कुलूप, किल्ली मेलेल्या माणसाच्या कपाटात.

ज्याने हातात विळा धरला आहे त्यालाच हा त्रास कळेल. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापायचे मशीन १८३० साली काढले, पण मशीनला मोकळी, सलग जागा लागते. कठड्यांनी चिरफाळलेल्या जागेत पुन्हा विळाच. त्यात भर म्हणजे पुरलेल्या जागेची माती बसते. लाकडी पेटी कुजून खचली की वर खळगा पडतो, त्यात पाणी साठते, मग भर टाका, धुमसा, पुन्हा गवत लावा. शिवाय थडग्यावर मातीचा उंचवटा ठेवण्याची रीत होती. त्या उंचवट्यावरून मशीन फिरत नाही आणि उन्हाळ्यात तिथलेच गवत आधी वाळते.

यावर इलाज केला तो ॲडॉल्फ स्ट्राउख याने. हा प्रशियातला माळी, व्हिएन्नाच्या राजेशाही बागांत तयार झालेला. ओहायोतील सिनसिनाटी शहराजवळच्या स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमीची घडी बसवण्याचे काम १८५५पासून त्याच्याकडे आले. त्याने कठडे आणि कुंपणे काढायला लावली, मातीचे उंचवटे सपाट केले, एका प्लॉटमध्ये एकच मोठे स्मारक आणि बाकी शिळा जमिनीलगत ठेंगण्या, असा नियम केला. झाडे कुठे, किती आणि कोणती, हे कुटुंबांनी न ठरवता दफनभूमीच्या अधीक्षकाने ठरवायचे. पैसे भरून प्लॉट घेतलेल्या लोकांनी खूप विरोध केला. आमच्या जागेत आम्ही काय लावायचे ते तुम्ही सांगणारे कोण? प्रश्न रास्त होता. पण स्ट्राउखचेच खरे ठरले, कारण त्याची हिरवळ एका हाताने राखता येत होती. थोड्याच वर्षांत इतर दफनभूम्यांनी त्याचे अनुकरण केले. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या बागकामातला हा सर्वांत धाडसी निर्णय. राजाच्या बागेत असे करणे सोपे असते. शेकडो मालकांच्या बागेत, त्यातही शोकात असलेल्या मालकांच्या, ते फार अवघड.

तिकडे इंग्लंडमध्ये जॉन क्लॉडियस लाउडन या उद्यानतज्ज्ञाने १८४३ साली दफनभूमीची आखणी, लागवड आणि व्यवस्थापन यांवर एक ग्रंथच लिहिला. निचरा कसा काढावा, किती खोल खणावे, नकाशा आणि नोंदवही कशी ठेवावी म्हणजे कोणते थडगे कुठे हे शंभर वर्षांनीही सापडेल, हे सगळे त्यात आहे. ओघळत्या, पसरट झाडांपेक्षा सरळसोट उंच वाढणारी सदाहरित झाडे लावा असे तो सांगतो. त्यांची सावली आणि मुळे आटोपशीर राहतात. जागा भरली की दफन थांबवून तिथे लोकांसाठी सार्वजनिक बाग करा, असेही त्याने लिहून ठेवले. एवढा दूरचा विचार करणारा माणूस त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेला आणि लंडनच्या केन्सल ग्रीन या बागेसारख्या दफनभूमीतच पुरला गेला.

पण इंग्लंडात पैशांची मांडणी चुकली. तिथल्या अशा बऱ्याच दफनभूम्या भागभांडवलाच्या कंपन्यांनी काढल्या. प्लॉट विकायचे आणि भागधारकांना लाभांश वाटायचा. जागा आहे तोवर विक्री आहे, विक्री आहे तोवर माळी आहे. जागा भरली की उत्पन्न आटते, खर्च मात्र तेवढाच राहतो. झाड काही 'आता प्लॉट संपले' म्हणून वाढायचे थांबत नाही. १८३९ साली सुरू झालेले लंडनचे हायगेट (याच्याच नंतर जोडलेल्या पूर्वेकडच्या भागात कार्ल मार्क्सची समाधी आहे) विसाव्या शतकात इतके रानात बुडाले की १९७५ साली नागरिकांनी मंडळ स्थापन करून ते हाती घेतले.

आपल्याला जवळचे उदाहरण ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेलचे. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलला वारले. १८४३ साली द्वारकानाथ टागोरांनी त्यांचे अवशेष आर्नोस व्हेलच्या नव्या बागेत हलवून वर आपल्या पद्धतीची दगडी छत्री उभारली. द्वारकानाथ पुढे १८४६ साली लंडनला वारले आणि केन्सल ग्रीनमध्ये पुरले गेले. आर्नोस व्हेलही कंपनीचेच. विसाव्या शतकाच्या शेवटी ते झाडाझुडपांत इतके हरवले की मालकाने तिथे बांधकाम करण्याचे घाटले. ब्रिस्टलच्या लोकांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २००३ साली नगर परिषदेने सक्तीने जागा ताब्यात घेतली. आज ती बाग आणि ती छत्री पुन्हा उभी आहे, पण सार्वजनिक पैसा ओतून.

न्यूयॉर्क राज्याने मात्र १८४७ सालीच कायदा केला. अशा दफनभूमीसाठी लोकांनी संघ स्थापावा, विश्वस्त प्लॉटधारकांनी निवडावेत. प्लॉटविक्रीच्या पैशातून निदान निम्मी रक्कम जमिनीचे देणे फिटेपर्यंत त्याकडे जावी आणि उरलेली जागा राखण्याकडे आणि सुशोभित करण्याकडे. जमिनीवर कर नाही. पकिप्सीची दफनभूमी या घडणीतली. शतकाच्या उत्तरार्धात माउंट ऑबर्नसह अनेक ठिकाणी आणखी एक पाऊल टाकले गेले: कायमच्या देखभालीची रक्कम प्लॉटच्या किमतीतच धरायची आणि ती वेगळ्या निधीत टाकायची. फक्त व्याज खर्चायचे. तेव्हा मघाच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की आनंदीबाईंच्या शिळेभोवतीचे चार बोटे गवत कापणारा माणूस कुणाच्या मेहेरबानीवर तिथे येत नाही. त्याची सोय एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी करून ठेवली आहे.

बिगेलो यांच्याबद्दल एक राहिले. ते १८४५पासून १८७१पर्यंत माउंट ऑबर्नचे अध्यक्ष होते. तिथले मिसरी धाटणीचे प्रवेशद्वार त्यांच्याच कल्पनेचे. ते आधी लाकडात केले, त्यावर रंग आणि वाळू मारून ग्रॅनाइटचा भास आणला आणि दहाएक वर्षांनी पैसे जमल्यावर खऱ्या ग्रॅनाइटमध्ये बांधले. आमच्या खात्यात असे धोरण असते तर किती उद्‌घाटनांचा खर्च वाचला असता! अमेरिकेच्या यादवी युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी तिथे स्फिंक्सचे शिल्प करवून घेतले. ते १८७२ साली बसले तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी हात फिरवून ते पाहिले.

मुंबईकरांना हे सगळे दूरचे वाटायला नको. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६०च्या दशकात पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने झाली, आणि ती जागाही आधी उद्यानविद्या संस्थेची बागच होती. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे स्टीव्हन्स तिथे आहेत, गेटवेचे विटेटही तिथेच. मुंबईच्या पावसात, जिथे चार महिन्यांत पुरुषभर गवत उठते आणि पिंपळाचे रोप दगडाच्या सांध्यात मूळ धरून वर्षभरात सांधा फोडते, तिथे अशी जागा राखणे बॉस्टनपेक्षा कठीण आहे. पिंपळ वरून छाटून भागत नाही, मूळ उपसावे लागते. दर पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा. हे काम कोणत्याही ठेक्याच्या कलमात नीट लिहिलेले मला आजवर दिसले नाही.

आता आपल्या 'स्मृतिवनां'कडे येतो. आपण दहन करतो, थडगी बांधत नाही, हे खरे. पण गेल्या काही वर्षांत आईवडिलांच्या नावाने झाड लावण्याची चांगली पद्धत पडली आहे. मी ज्या पालिकेत होतो तिथल्या एका टेकडीवर अशी शेकडो झाडे लागली. लोकांनी आनंदाने पैसे भरले, पावत्या घेतल्या, काहींनी डोळे पुसत स्वतःच्या हाताने आळ्यात माती ओढली. पैसे सर्वसाधारण खात्यात जमा झाले. देखभालीचा ठेका दोन वर्षांचा होता. तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर बंद झाला, ठिबकच्या नळ्या कोणीतरी कापून नेल्या, वणव्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची ती काढली गेली नाही. मी टिपण्या लिहिल्या, त्यांवर 'तरतूद नाही' असा शेरा येत राहिला. पावसाळ्यापूर्वी टेकडीवर गेलो तर नावांच्या पाट्या ओळीने उभ्या होत्या आणि खाली काटक्या. एक वयस्क बाई दर रविवारी बाटलीतून पाणी घेऊन येत, यजमानांच्या नावाच्या झाडासाठी. तेवढे एक कडुनिंबाचे झाड जगले.

त्या बाईंना काय सांगायचे होते मी? पैसे घेतले होते आम्ही. लावण्याचे पैसे घेतले आणि राखण्याचे घेतलेच नाहीत, किंवा घेतले आणि वेगळे ठेवले नाहीत. कुणाच्या स्मरणाच्या नावाने पैसे घ्यायचे आणि तीन उन्हाळेही ते झाड जगवायचे नाही, याला मी फसवणूक म्हणतो, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत माझी मागणी आहे. ज्या ज्या महापालिका, नगरपालिका, संस्था स्मृतिवृक्षासाठी रक्कम घेतात, त्यांनी पावतीवर दोन आकडे वेगळे दाखवावेत: लागवडीचा आणि राखणीचा. राखणीची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळ्या नावाने मुदतठेवीत टाकावी, मुद्दल मोडण्याचा अधिकार आयुक्तांनाही नसावा, आणि व्याजातून निघणारी कामे (पाणी, खुरपणी, जाळरेषा, मेलेल्या झाडाच्या जागी नवे झाड) ठरावात नावानिशी लिहावीत. कोणत्या जातीचे झाड कुठे लावायचे ते उद्यान विभागाने ठरवावे. देणगीदाराला हट्टाने गुलमोहरच हवा असेल तर नम्रपणे नाही म्हणावे, स्ट्राउखने म्हटले तसे. विश्वस्तांत निदान निम्मे लोक ज्यांच्या घरची झाडे तिथे आहेत त्यांतले असावेत. आणि झाडाचा क्रमांक, जागा आणि नाव यांची एक वही असावी, जी बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर कपाटात गडप होणार नाही.

यंदाच्या पावसाळ्याची लागवड आता तोंडावर आली आहे. आपल्या वाचकांपैकी जे कोणी पैसे भरणार असतील त्यांनी पावती हातात घेण्याआधी खिडकीवरच्या कारकुनाला एवढे विचारावे, की राखणीचे खाते कोणत्या बँकेत आहे. उत्तर मिळेपर्यंत चेक खिशातच ठेवावा.

आपला,
एक निवृत्त उद्यान अधीक्षक, कल्याण